रिटर्न तुमचं, सॉफ्टवेअर कुणाचं?

प्राप्तिकरावर वर्तमानपत्रांत लिहून येतं ते बहुधा दोनच वेळा. अर्थसंकल्पात स्लॅब बदलले की, आणि शेवटची तारीख जवळ आली की. तुमचं रिटर्न ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं त्यावर कुणी एक ओळ लिहीत नाही. तो कर सल्लागाराच्या ऑफिसातला घरगुती मामला समजला जातो. मला हे पटत नाही. तुमचा पॅन, आधार, बँक खातं, पोर्टलचा पासवर्ड आणि मागच्या कित्येक वर्षांची कमाई त्यात साठवलेली असते. छोट्या ऑफिसने सॉफ्टवेअर कसं निवडावं हा प्रश्न जितका माझा आहे, तितकाच तुमचाही आहे.

मी सुरत जिल्ह्यातल्या कडोदऱ्यात कर सल्लागार म्हणून काम करते. सीए नाही, बी.कॉम. केलं, जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी केली आणि बसले. मुंबई-दिल्लीचा ४८ क्रमांकाचा महामार्ग आणि हजिऱ्याहून बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा ५३ क्रमांकाचा, हे दोन्ही कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर एकमेकांना छेदतात. आजूबाजूला वरेली, जोळवा, तांतीथैया. जिकडे पाहाल तिकडे लूम, डाइंग मिल, एम्ब्रॉयडरीची मशीनं. चलथाण स्टेशन जवळच, तिथून ताप्ती लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगाव. त्यामुळे माझ्याकडे येणारे निम्मेशिम्मे लोक खान्देशातले. मिलचे अकाउंटंट मला ‘बेन’ म्हणतात, लूमवरचे कारागीर ‘ताई’.

या लोकांच्या फायली वरवर साध्या दिसतात, तशा त्या नसतात. एम्ब्रॉयडरीचं जॉबवर्क करणाऱ्याच्या बिलातून मिल १९४-सी खाली एक टक्का टीडीएस कापते. तो ४४-एडी खाली अंदाजित नफा दाखवतो, पण जीएसटीत दाखवलेली उलाढाल आणि एआयएसमधला (विभागाच्या वार्षिक माहिती विवरणातला) आकडा जुळला नाही, तर रिफंडऐवजी नोटीस येते. दोन टेम्पो चालवणारा ४४-एईमध्ये बसतो. तिथे गाडीचं वजन आणि ती किती महिने ताब्यात होती हे धरून हिशोब होतो. मिलमधला मास्टर पगारदार, फॉर्म १६ हातात. त्याला वाटतं आपलं आयटीआर-१. पण शिंदखेड्याला वडिलांच्या वाट्याची कपाशी असते, आणि शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. तेच निव्वळ उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं, तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड काय, बागायत की जिरायत, हेही भरावं लागतं. माझ्यासारखीला सॉफ्टवेअरकडून हवं असतं ते एवढंच: अशा जागी त्याने मला थांबवावं. जाहिरातीतली शंभर फीचर्स बाकीच्यांनी बघावीत.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. प्राप्तिकर विभागाचं रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर, म्हणजे युटिलिटी, मोफत आहे, मग पैसे कशाला घालवायचे? ज्याच्याकडे तीस-चाळीस रिटर्नं आहेत आणि बहुतेक पगारदारांची आहेत, त्याने खरंच घालवू नयेत. विभागाची युटिलिटी पुरेशी आहे. पण फायली काही शेकड्यांत गेल्या की कोणाचं भरलं, कोणाचं ई-व्हेरिफाय राहिलं, कोणाचा घसारा आणि पुढे ओढलेला तोटा किती, हे वहीत सांभाळताना माणूस थकतो. तिथे विकतचं सॉफ्टवेअर लागतं. मंगळूरचं विनमन, जयपूरचे जीनियस आणि केडीके, कॉम्प्युटॅक्स, आपल्या अकोल्यात तयार होणारं इझीऑफिस अशी नावं या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. हिशोब येतो तो टॅलीतून, नाहीतर गुजरातेत घरोघरी असलेल्या राजकोटच्या मिरॅकलमधून. यातलं अमुकच घ्या असं मी सांगणार नाही. प्रत्येकाची गिऱ्हाइकं वेगळी, म्हणून उत्तरही वेगळं.

विकणारे ज्यावर भर देतात, त्यातल्या निम्म्या गोष्टी निरर्थक आहेत, हे मात्र सांगते. ‘आमचं अपडेट सगळ्यांच्या आधी येतं’ ही त्यातली एक. विभाग फॉर्मचा साचा जाहीर करत नाही आणि पोर्टल उघडत नाही, तोवर कोणाचंही रिटर्न जात नाही. २०२५ मध्ये आयटीआर-१ आणि ४ च्या युटिलिटी मे संपता संपता आल्या, आयटीआर-२ आणि ३ च्या ११ जुलैला. शेवटची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली, मग आणखी एक दिवस वाढली. महागडं सॉफ्टवेअर घेतलेले आणि मोफत युटिलिटीवाले, दोघेही तितकाच काळ हात बांधून बसले होते.

मग निवडायचं कशावरून? पहिली कसोटी, आपलं काम बाहेर काढता येतं का. डेमोला आलेला माणूस हमखास म्हणतो, ‘बेन, आमां बधुं आवी जाय.’ यात सगळं येतं. टॅलीतून येतं, एआयएसमधून येतं, फॉर्म १६ मधून येतं. मी त्याला उलट विचारते, बाहेर काय निघतं? समजा तीन वर्षांनी मी तुमचं सॉफ्टवेअर सोडलं, तर माझ्या हातात काय राहील? इथे बहुतेकांची जीभ अडखळते. विभागाला जाणारी जेसन फाईल निघते, ती निघायलाच हवी. पण त्या फाईलमध्ये शेवटचे आकडे असतात, ते आकडे कसे आले याची रीत नसते. घसाऱ्याचा तक्ता, भांडवल खात्याची मांडणी, कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखाली का घेतली याच्या टिपा, हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या साच्यात कुलूपबंद राहतं. रिन्यूअल भरलं नाही तर जुनी वर्षं निदान उघडून बघता येतील का, हे लेखी घ्या. जुनी रिटर्नं बघायला दरवर्षी पैसे मागणारं सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नये.

दुसरी कसोटी, हिशोब ओळीओळीने दिसतो का. हे का महत्त्वाचं, ते २०२४ साली सगळ्यांना कळलं. नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७-ए ची सूट होती. ५ जुलै २०२४ ला विभागाने युटिलिटी बदलली आणि शेअरच्या अल्पकालीन नफ्यावरच्या करासाठी ही सूट मागायची सोयच बंद झाली. कायद्यातला एक शब्द बदलला नव्हता. त्याआधी भरणाऱ्याला सूट मिळाली होती. आठवड्याने आलेल्या, तेवढंच उत्पन्न असलेल्या माणसाला कर दिसत होता. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. २४ जानेवारी २०२५ ला न्या. एम. एस. सोनक आणि न्या. जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने विभागाच्या युटिलिटीत करदात्याला सूट मागता आली पाहिजे, असा निकाल दिला. मागणी मान्य करायची की नाही, हे कायद्याने ठरेल. पण मागायच्या दारातच सॉफ्टवेअरने माणसाला अडवायचं नाही.

पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने विशेष दराच्या उत्पन्नाला ही सूट नाही, असं स्पष्ट केलं, तो भाग वेगळा. धडा कायम आहे. सॉफ्टवेअर म्हणजे कायदा नव्हे. विभागाचं नव्हे आणि विकतचंही नव्हे. एका खोक्यात आकडे टाकले आणि दुसऱ्या खोक्यात कर आला, एवढंच दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या सल्लागाराला असा बदल कळतच नाही. गिऱ्हाइकाला कर का लागला, हे तो सांगू शकत नाही. ज्यात प्रत्येक ओळीखाली कलम आणि बेरीज दिसते, त्यात तो निदान बोट ठेवू शकतो.

तिसरी कसोटी पासवर्डची. आमच्या धंद्यातलं हे उघड गुपित आहे. गिऱ्हाइकांचे पासवर्ड आमच्याकडेच असतात. वास्तविक पोर्टलवर अधिकृतपणे क्लायंट जोडून घेण्याचे मार्ग आहेत, पण लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाकडून ऐन वेळी ओटीपी मिळत नाही, म्हणून सगळे सोपा रस्ता धरतात. मग ते पासवर्ड कुठे राहतात? उघड्या एक्सेलमध्ये, की सॉफ्टवेअरच्या कुलपात? ऑफिसात नवा आलेला मुलगा सगळ्या फायली बघू शकतो, की त्याला नेमून दिलेल्याच? क्लाउडवर असेल, तर सर्व्हर कुणाचा आणि करारात जबाबदारी कुणाची? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मोठ्या कंपन्या त्यासाठी वकील नेमतील. चार रस्त्यावरच्या एका गाळ्यातल्या ऑफिसने निदान एवढं करावं: कामाप्रमाणे वेगवेगळे लॉगिन देणारं सॉफ्टवेअर घ्यावं आणि बॅकअप ऑफिसच्या बाहेर ठेवावा.

आणि क्रॅक केलेली प्रत तर अजिबात वापरू नये. पेनड्राइव्हवर हातोहात फिरणाऱ्या अशा प्रती घेणारे माझ्या ओळखीत आहेत. वर्षाला काही हजार वाचवल्याचा त्यांना अभिमानही आहे. ज्याने कुलूप तोडलं त्याने आत आणखी काय घुसवलं, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या कॉम्प्युटरवर शेकडो माणसांची बँक खाती पडलेली आहेत. हजारभर रुपयांत रिटर्न भरून देणाऱ्यालाही वैध परवान्याचा खर्च फीमधून काढता येतो. काढता येत नसेल, तर फी वाढवावी आणि गिऱ्हाइकाला कारण सांगावं.

अर्थात चांगलं सॉफ्टवेअर माणसाला प्रामाणिक करत नाही. १४ जुलै २०२५ ला प्राप्तिकर विभागाने देशभरात सुमारे दीडशे ठिकाणी छापे घातले, ते खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर. गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही त्यात होते. आदल्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते, असं विभागाने त्या वेळी सांगितलं. त्याच निवेदनात एक तपशील होता, तो माझ्या डोक्यात राहिला. हे मध्यस्थ घाऊक रिटर्नं भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल काढत, नंतर ते सोडून देत, आणि विभागाच्या नोटिसा तिथे न वाचता पडून राहत. म्हणजे नोटीस करदात्याच्या नावाची, आणि त्याला तिचा पत्ताच नाही. ऑफिसचा एकच मोबाइल आणि एकच ई-मेल सगळ्या गिऱ्हाइकांना लावण्याची सवय याच वाटेने नेते.

आता सॉफ्टवेअर निवडण्याचा निर्णय आणखी अवघड झाला आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५. ५३६ कलमं, ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’. पण २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न जुन्याच कायद्याने भरायचं आहे. एकाच ऑफिसात, एकाच महिन्यात, रिटर्न जुन्या कलमांनी आणि नव्या वर्षाचा टीडीएस नव्या कलमांनी. त्यामुळे तीन-तीन वर्षांचं एकरकमी पॅकेज घेण्याची ही वेळ नाही. एका वर्षाचा परवाना घ्या, कंपनी हे स्थित्यंतर कसं निभावते ते बघा, मग पुढचं ठरवा.

सरकारकडे माझं मागणं एकच आहे. फॉर्मचा साचा दरवर्षी १ एप्रिललाच जाहीर व्हावा, आणि त्यासोबत घसारा, तोटे, भांडवल खातं यांच्या तपशिलाचाही एक सामाईक साचा ठरवून द्यावा, जो प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीला द्यावा आणि घ्यावा लागेल. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसं हे व्हायला हवं. मग कंपन्या आमच्या अडचणीवर जगणार नाहीत, कामावर जगतील.

आणि करदात्यांना सांगणं असं. या वर्षी आपल्या सल्लागाराकडे गेलात की तीन गोष्टी करा. पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल तुमचाच आहे ना, हे समोर बसून बघा. पावतीसोबत कॉम्प्युटेशन आणि जेसन फाईल मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. त्याचं सॉफ्टवेअर परवान्याचं आहे का, हे न लाजता विचारा. चांगल्या सल्लागाराला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे पुढच्या वर्षी जाऊ नका. सही त्याची असो वा नसो, रिटर्नमधल्या प्रत्येक आकड्याला कायद्यापुढे जबाबदार तुम्हीच आहात.