तळ्यातील माशाची दाद कोण घेणार?

दरवर्षी १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो. १९५७ साली याच दिवशी डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी ओडिशात कार्प माशांना मस्तिष्कातील ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीजासाठी नदीच्या पुराकडे डोळे लावून बसण्याची पाळी संपली. रोहू, कटला, मृगळ यांची शेती त्यानंतर गावोगाव पसरली. मत्स्यसंवर्धनात आज भारताचा क्रमांक जगात चीनच्या खालोखाल लागतो. या यशाचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या साऱ्या हिशेबात मासा मोजला जातो तो टनांवर. तो जिवंत प्राणी आहे, याची नोंद कोठेच होत नाही.

माशाला वेदना होत नाहीत, ही समजूत सोयीची होती. म्हणूनच ती टिकली. लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये केलेले ट्राउट माशांवरील प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. ओठात दाहक द्रव्य टोचलेल्या माशांचा श्वास वाढला, त्यांनी अन्न टाळले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. या निष्कर्षांवर वाद झाले व अद्यापही होतात. परंतु ज्या ठिकाणी शंका आहे, तेथे शंकेचा फायदा मुक्या जिवाला देणे हेच न्यायाचे होय.

तळ्यातील माशाचे हाल कशाने होतात, हे गूढ नाही. दाटी वाढली, खाद्य कुजले, शेवाळ माजले की पाण्यातील प्राणवायू रात्रभर घटत जातो आणि ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. अमोनिया वाढतो, अंगावर माशांच्या उवा चढतात. सकाळी तळे पांढऱ्या पोटांनी भरलेले दिसले म्हणजे मग धावाधाव. बैल गेला नि झोपा केला, त्यातलाच हा प्रकार. येथे माशाचे दुःख आणि शेतकऱ्याचे नुकसान एकाच कारणातून येते. पाणी वेळेवर तपासले, मासे बेताने सोडले, तर दोघेही वाचतात.

हे ज्ञान उपलब्ध नाही काय? मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, भुवनेश्वरला गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. उणीव आहे ती वाटपाची. संशोधन सरकारी पैशाने होते, प्रसिद्ध होते ते इंग्रजी नियतकालिकांत. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या ढिवर समाजापर्यंत त्यातले किती पोचते? ज्ञानाचा ओघ एकाच दिशेने वाहावा, असेही नाही. कोणत्या तळ्यात किती मासे व कशाने दगावले, याची शेतकऱ्यांनी केलेली नोंद संशोधकांच्या हाती पडली, तर तीही प्रयोगशाळेइतकीच मोलाची ठरेल. अपयश झाकून ठेवले की शेजारच्या तळ्यावर त्याची पुनरावृत्ती अटळ असते.

अर्थात सर्वच बाबतीत कल्याण आणि नफा हातात हात घालून चालतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. काढणीनंतर मासा हवेत किंवा बर्फात गुदमरत मरतो. त्याला आधी बधिर करावयाचे तर साधन लागते, वेळ लागतो, खर्च येतो. तो खर्च एकट्या गरीब मत्स्यशेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण म्हणून प्रश्न टाळताही येणार नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राणी येतो. अन्नासाठी प्राणी मारण्यास त्यात सूट असली तरी अनावश्यक यातना देण्यास नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही पाळीव माशांच्या कल्याणासंबंधी २००८ पासून मानके घालून दिली आहेत.

२०२० साली केंद्र सरकारने मत्स्यसंपदा योजना जाहीर केली, ती २०,०५० कोटी रुपयांची. अशा रकमेचा अल्पसा अंश जरी मराठीतील, तेलुगूतील, बंगालीतील सोप्या पुस्तिकांवर, तळ्याकाठच्या पाणीतपासणीवर आणि वेदनारहित काढणीच्या स्वस्त साधनांच्या शोधावर खर्च झाला, तरी पुष्कळ साधेल. मासा ओरडत नाही. त्याचे मौन ही संमती समजून चालणारी शेती कितीही टन पिकवो, तिला प्रगत म्हणता येणार नाही.