आगीनं रणगाडा जळतो का?



सिनेमात एक शिपाई पाठीवर टाक्या बांधून येतो, नळीतून आगीचा लोट सोडतो आणि समोरचा रणगाडा भडकतो. खऱ्या युद्धात असं होतं का?

फारच क्वचित! दुसऱ्या महायुद्धातलं हे ज्वालाफेकी यंत्र तीसेक किलो वजनाचं. त्याची आग तीस-चाळीस मीटरच जाई आणि दहाएक सेकंदांत इंधन संपे. रणगाड्यातली मशीनगन मात्र शेकडो मीटरवरून मारा करते. जवळ जायचं कसं? शिवाय पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. वरवरच्या ज्वाळेनं जाड पत्र्याचं काय बिघडणार?

रणगाड्याची नाजूक जागा वेगळीच. त्याच्या इंजिनाला हवा लागते आणि आतल्या माणसांनाही! १९३९-४० च्या हिवाळ्यात फिनलंडच्या सैनिकांनी पेटत्या बाटल्या नेमक्या इंजिनाच्या झरोक्यांवर फेकल्या आणि रशियाचे कितीतरी रणगाडे निकामी केले. पुढे झरोके झाकले गेले, डिझेल इंजिनं आली आणि ही युक्तीही अवघड झाली.

मग रणगाडा फुटतो कशानं? तोफगोळ्यानं. सप्टेंबर १९६५ मध्ये अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडले, ते असेच.

पण गंमत बघा, गोळा फेकते तीही आगच! दिवाळीतलं झाड आठवा. तोंड उघडं, म्हणून नुसत्या ठिणग्या उडतात. सुतळी बॉम्बमधली दारू घट्ट कोंडलेली, म्हणून धडाका होतो. तोफेच्या नळीतही दारू कोंडून जळते, क्षणात प्रचंड वायू होतो आणि तो गोळ्याला पुढे ढकलतो. रणगाड्याच्या तोफेचा गोळा सेकंदाला दीड किलोमीटर वेगानं सुटू शकतो. मोकळी आग भाजते, कोंडलेली आग पोलाद भेदते!

ही दारू तयार होते कुठे, ठाऊक आहे? आपल्या भंडारा जिल्ह्यात! नागपूरहून भंडाऱ्याला येताना जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना लागतो, तिथे. काम मोठं जोखमीचं. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. सीमेवर न जाताही ही माणसं रोज आगीशी झुंजतात. तुमच्यापैकी कुणाचे बाबा किंवा काका तिथे असतील, तर त्यांना आमचा नमस्कार सांगा हं!