‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

रविवारी सकाळी बोरीवलीच्या एखाद्या मैदानावर टेनिस बॉलचा सामना रंगलेला असतो. धावचीतचे जोरदार अपील होते. एकुलता एक पंच गोलंदाजाच्या टोकाला उभा. तो मान हलवतो, नॉट आउट. मग हमरीतुमरी सुरू होते आणि पंचाच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली जाते. दोष बहुतेक वेळा त्याच्या उभे राहण्याच्या जागेचा असतो.

डोळ्यांसमोरून आडवी सरकणारी वस्तू कुठवर पोहोचली, हे माणसाला चांगले कळते. तीच वस्तू सरळ आपल्या दिशेने येत असेल, तर डोळ्याच्या पडद्यावर तिची जागा फारशी बदलत नाही आणि अंदाज चुकतो. म्हणूनच फलंदाजाच्या टोकाचा धावचीत स्क्वेअर लेगचा पंच ठरवतो.

बेसबॉलमध्ये ही अडचण वरचेवर येते. फलंदाज बॅट फिरवू लागतो आणि मध्येच हात आवरतो. बॅट फिरली की नाही, हे पाठीमागे उभ्या असलेल्या मुख्य पंचाला नीट दिसत नाही. त्याने ‘फिरली नाही’ असे ठरवले, तर क्षेत्ररक्षण करणारा संघ दाद मागू शकतो. मग मुख्य पंच पहिल्या किंवा तिसऱ्या बेसजवळच्या पंचाला विचारतो आणि त्याचा कौल अखेरचा ठरतो. ‘फिरली’ असा निर्णय असेल, तर मात्र अशी दाद नाही. नियम एकतर्फी वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. ‘फिरली’ म्हणणाऱ्याने काहीतरी पाहिलेले असते. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कदाचित दिसलेलेच नसते.

क्रिकेटने हे काम कॅमेऱ्याकडे दिले. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन कसोटीत टीव्ही पंचाच्या निर्णयाने बाद होणारा पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर. मैदानावरच्या पंचाने दुसऱ्याला विचारले, म्हणून त्याचा मान कमी झाला नाही.

वैद्यकात हा फरक जिवावर बेतू शकतो. हृदयविकाराचा झटका सुरू असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. म्हणून छातीत दुखत राहिले, तर ईसीजी पुन्हा काढतात आणि रक्तातले ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने तपासतात. क्षयरोगाचेही तसेच. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील, तरच ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. त्याहून कमी असले, तर रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि खोकला चालूच राहतो. जंतूंचा जनुकीय माग काढणारी सीबीनॅट चाचणी अशा वेळी दुसऱ्या पंचाचे काम करते.

याचा अर्थ प्रत्येकाने तपासण्यांचा सपाटा लावावा, असा नाही. तीच तपासणी लगोलग दुसऱ्या लॅबमध्ये करणे म्हणजे त्याच जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचाला विचारणे. तपासणी वेगळ्या कोनातून किंवा योग्य अंतराने हवी, आणि त्रास कायम असेल तेव्हाच.

नॉर्मल रिपोर्ट हाती पडला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रुग्ण दुखणे अंगावर काढतो. परत गेलो तर डॉक्टर रागावतील, ही भीतीही असते. ही भीती घालवण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे. रिपोर्ट देतानाच ‘या तपासणीत काय सुटू शकते आणि कधी परत यायचे’ हे त्यांनी सांगायला हवे. गर्दीच्या ओपीडीतही त्याला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. त्यांनी सांगितले नाही, तर रुग्णाने विचारावे.