मागचे शॉकअप

आपल्या अनेक घरांपुढे आजही मारुतीची ओम्नी उभी दिसते. १९८४ साली ती मारुती व्हॅन म्हणून आली, २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण ईदला गावी जायचे म्हटले की दादी, अम्मी, दोघी बहिणी, त्यांची मुले आणि वर बिर्याणीचे पातेले, एवढे सगळे अजून तिच्यातच मावते. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले जाते, बॅटरीही पाहिली जाते. मागचे शॉकअप मात्र कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, कारण ते एका दिवसात बिघडत नाहीत आणि चालवणारा पुढे बसलेला असतो. मागून दादी ‘बेटा, जरा हळू’ म्हणते, तेव्हा सगळे तिच्या कंबरेलाच दोष देतात.

आधी एक गैरसमज दूर करू या. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही. ओम्नीत मागचे वजन पाट्यांवर असते. खड्ड्यात पाटे दबतात, मग उसळतात, आणि एकटे सोडले तर उसळतच राहतील. शॉकअपच्या नळीत तेल असते. आतल्या दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते ढकलले जाताना उसळीचा जोर संपतो आणि त्याची उष्णता होते. सील झिजून तेल गळाले की हा लगाम सुटतो.

म्हणजे माणसे बसल्यावर गाडी मागून फार खाली जात असेल तर पाटे थकले आहेत. खड्डा ओलांडल्यावर ती दोन-तीनदा हेलकावत असेल तर शॉकअप गेले आहेत. काही ठिकाणी दोन्हींवर एकच औषध सांगितले जाते, ‘एक पाटा वाढवू’. शॉकअप गेलेल्या गाडीला हे आम्हांला मुळीच पटत नाही. ताठ पाट्याला आवरायला जास्त जोर लागतो, आणि इथे आवरणाराच उरलेला नसतो. मागे सीएनजीची टाकी बसवली असेल तर पाटे आणि शॉकअप दोन्ही तपासून घ्यावेत.

प्रश्न फक्त कंबरेचा नाही. चाक रस्त्यावरून उचलले जाते त्या क्षणी ब्रेक लावून उपयोग नसतो. कशेडी घाटात पावसाळ्यात, गाडी भरलेली असताना, वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जाते ती अशीच. टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खोलगट झिजलेला लागला तर शॉकअपवर संशय घ्या. गाडीचा मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. ती वर येऊन थांबली पाहिजे. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर पुढे तपासायची गरजच नाही. खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही नळ्यांना जपून हात लावून पाहा (सायलेन्सरपासून हात दूर!). एक कोमट आणि दुसरी थंड असेल तर थंड नळी काम करत नाही.

बदलायचे ते जोडीने. एकच नवा बसवला तर गाडी एका बाजूला आवरते, दुसऱ्या बाजूला उसळते. जुन्यात तेल भरून रंग दिलेले स्वस्तात मिळतात. कुटुंबाच्या गाडीला ते लावू नयेत.

किनाऱ्याजवळच्या गावांत बोल्ट गंजून धरलेले असतात. आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. पुढच्या चाकांना दगड लावावेत, गाडी भक्कम घोड्यांवर ठेवावी आणि अ‍ॅक्सलला खालून जॅकचा आधार द्यावा, नाहीतर बोल्ट निघताच तो खाली लोंबतो आणि ब्रेकच्या रबरी नळीला ताण बसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, उस्तादही नाही. नवा शॉकअप उभा धरून तीन-चारदा पूर्ण दाबावा, ओढावा, म्हणजे आतली हवा निघते. त्याचा चकचकीत दांडा पकडीत धरू देऊ नका. त्यावर ओरखडा पडला तर तोच सील कापतो. रबरी बुश नवेच घ्या.

एक गोष्ट घाईत हमखास राहते. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. अधांतरी आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती चालू ठेवायची तर गाडीची तपासणी होते आणि नूतनीकरण ५ वर्षांसाठी मिळते. ती तारीख जवळ आली असेल तर हे काम आधीच उरकून घ्यावे.

पहिली फेरी मारताना मात्र चाव्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि नेहमी चालवणाऱ्याने मागच्या बाकावर, दादीच्या जागी बसावे.