समीकरणाआधी वजनकाटा

माध्यमिक शाळेतल्या रसायनशास्त्राचा श्रीगणेशा बहुधा मॅग्नेशिअमच्या फितीने होतो. चिमट्यात धरलेली फीत डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ज्योतीने जळते, खाली पांढरी भुकटी पडते, वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग फळ्यावर समीकरण येते. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. फीत जाळण्याआधी आणि जळल्यानंतर कोणी तिचे वजन करत नाही. मूस झाकून, धूर फारसा निसटू न देता २.४ ग्रॅम मॅग्नेशिअम पूर्ण जाळले, तर भुकटी ४ ग्रॅमच्या आसपास भरते. जळलेली वस्तू हलकी होते, तिची राख म्हणजे उरलासुरला भाग, ही समज मुले चुलीपासून शेकोटीपर्यंतच्या अनुभवातून घेऊन आलेली असतात. ती समज मोडायला फळ्यावरचा बाण पुरत नाही, काट्यावरचा आकडा लागतो. म्हणून माझे म्हणणे असे की, आठवी ते दहावीच्या रसायनशास्त्रात समीकरण वजनानंतर यावे. आधी मुलांनी निदान दोन-तीन अभिक्रिया स्वतःच्या हाताने, उघड्या आणि बंद भांड्यात, तोलून पाहाव्यात. मगच ‘संतुलित करा’ हा शब्द त्यांच्या कानावर पडावा.

आज नेमके उलटे होते. समीकरण संतुलित करणे हे अंकांचे कोडे म्हणून शिकवले जाते. डावीकडे किती, उजवीकडे किती, कुठे २ लावायचा, कुठे ३. हुशार मुले हे पटकन जमवतात आणि गुण मिळवतात. पण जमले म्हणजे समजले, असे नाही. यारोख या संशोधकाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समीकरणे व्यवस्थित संतुलित करणाऱ्या शाळकरी मुलांना त्याच समीकरणांची चित्रे काढायला सांगितली. हायड्रोजनच्या तीन रेणूंसाठी काहींनी सहा अणू एकमेकांना चिकटवून दाखवले. समोरचा अंक आणि खालचा अंक यांत भेद आहे, हे त्यांच्या हाताला माहीत होते, मनाला नव्हते. आपल्याकडेही हीच गफलत दुसऱ्या रूपात दिसते. पाण्याच्या समीकरणात ऑक्सिजनचा हिशेब लागेना, तर विद्यार्थी पाण्याच्या सूत्रातलाच खालचा अंक बदलून मोकळा होतो. अंक जुळतात, पण पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झालेले असते. जो अंक आपण बदलत आहोत तो एका खऱ्या, तोलता येणाऱ्या पदार्थाची ओळख आहे, हे कधी अनुभवालाच आलेले नसेल, तर चूक मुलाची कशी म्हणावी?

रसायनशास्त्र स्वतः या वळणावर किती काळ अडकले होते, ते पाहिले तर मुलांच्या अडचणीची जातकुळी कळते. रॉबर्ट बॉइल हा काही ऐरागैरा प्रयोगकर्ता नव्हता. १६७३ च्या सुमारास त्याने कथिलासारखे धातू बंद काचपात्रात तापवले. नंतर पात्र उघडले आणि मग वजन केले. वजन वाढलेले होते. त्यावरून अग्नीचे कण काचेतून आत शिरले असावेत, असा निष्कर्ष त्याने काढला. शंभर वर्षांनी, १७७४ मध्ये, लव्हाझिएने तोच प्रयोग केला, फक्त पात्र उघडण्याआधी ते तोलले. वजन जसेच्या तसे होते. मग पात्र उघडले, बाहेरची हवा आत घुसली आणि वजन वाढले. ती वाढ कथिलाच्या वजनात झालेल्या वाढीइतकीच होती. पदार्थ तोच, उष्णता तीच, फरक एवढाच की काट्यावर पात्र कोणत्या क्षणी ठेवले. हा क्षण आपल्या विज्ञानशिक्षणात जवळजवळ अदृश्य आहे. पाठ्यपुस्तकात लव्हाझिएचे नाव आणि द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाचे एक वाक्य येते, ते पाठ होते. उघडे पात्र आणि बंद पात्र यांतला फरक मात्र विचारला जात नाही. रसायनशास्त्राच्या पायाचा सर्वांत महत्त्वाचा दगड मला तोच वाटतो.

आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात याची सोय नाही, असेही नाही. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात ५६ ग्रॅम कॅल्शिअम ऑक्साइड, म्हणजे चुनकळी, १८ ग्रॅम पाण्यात मिसळून तयार झालेल्या पदार्थाचे वजन करायला सांगितले आहे. हिशेबाने ते ७४ ग्रॅम यायला हवे. पण चुनकळी पाण्यात पडली की ती किती तापते, हे चुना विरवणाऱ्या कोणालाही विचारावे. पाण्याचा काही भाग वाफ होऊन निघून जातो आणि उघड्या चंबूत वजन ७४ पेक्षा कमी भरते. इथे दोन रस्ते फुटतात. ‘७४ आले असे समजा’ म्हणून वहीत लिहायचे, हा पहिला. कमी भरलेले ग्रॅम गेले कुठे, हे शोधायचे, हा दुसरा. पहिल्या रस्त्याने नियम वाचतो आणि विज्ञान बुडते. दुसऱ्या रस्त्याने गेलेले मूल लव्हाझिएच्या प्रश्नापाशी आपल्या पायांनी पोहोचते. चुनकळी डोळ्यात उडण्याचा धोका असल्याने हा प्रयोग शिक्षकांनीच चष्मा लावून करावा. मुलांसाठी त्याहून सोपा मार्ग आहे. शीतपेयाच्या रिकाम्या एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत अर्धा कप व्हिनेगर, टिश्यू पेपरच्या पुडीत चमचाभर खाण्याचा सोडा. सगळे एकत्र तोलून पुडी आत टाकायची आणि लगेच बूच घट्ट लावायचे. बाटली फुगून टणक होते, पण काटा हलत नाही. बूच सैल केले की फुस्स आवाज येतो आणि वजन ग्रॅमभराहून अधिक उतरते. बाटली काचेची नको आणि सोडा चमचाभराहून जास्त नको, एवढे पथ्य पाळले की झाले. बुचाऐवजी तोंडाला फुगा लावला, तर बंद असूनही वजन थोडे घटल्यासारखे दिसते, कारण फुगलेला फुगा आजूबाजूची हवा बाजूला सारतो आणि ती हवा त्याला उचलून धरते. म्हणजे चुकलेल्या प्रयोगातूनही हवेला वजन आहे, हे शिकायला मिळते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम मोठा आहे, तासिका मोजक्या आहेत. हा आक्षेप खोटा नाही. पण दहावीत समीकरणे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे शिकवताना तोच पाया पुन्हा पुन्हा घालण्यात जो वेळ जातो, त्याच्यापुढे दोन तासिकांचे तोलणे फार नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. पूर्वी रासायनिक तराजू म्हणजे काचेच्या पेटीतली जपून ठेवायची वस्तू होती, हे खरे. आता दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काही शे रुपयांत मिळतो. गरीब शाळांतही प्रयोगातून विज्ञान शिकवता येते, याला आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात पुरावा आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने स्वस्त साहित्य वापरून, प्रयोग आणि चर्चा यांच्या आधारे सहावी ते आठवीचे विज्ञान शिकवले. तिथे परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून होत. २००२ मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला आणि काही जण त्याला अपयश म्हणतात. पण तीस वर्षे शेकडो ग्रामीण शाळांत जे चालले, ते अशक्य कोटीतले नव्हते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नुसते तोलून अणू दिसत नाहीत आणि तोलणारेही चुकतात. व्हॅन हेल्माँट या जुन्या संशोधकाने पाच वर्षे कुंडीत वाढवलेल्या विलोच्या झाडाचे आणि मातीचे काटेकोर वजन केले आणि झाड पाण्यातूनच घडले, असा निष्कर्ष काढला. हवेतला वायू त्याच्या हिशेबात नव्हता. हे मला पूर्ण मान्य आहे. काट्याच्या सोबतीला कल्पना लागतेच आणि शिक्षकही लागतो. मात्र वायूला हिशेबात धरायची सवय बंद बाटली तोलूनच लागते. ती लागल्यावर मोल ही संकल्पनाही एवढी परकी राहत नाही, कारण तोलता येणारे ग्रॅम आणि मोजता न येणारे अणू यांतला पूल म्हणूनच ती जन्माला आली.

आणि हा हिशेब परीक्षेपुरता नाही. घरातल्या १४.२ किलोच्या गॅस सिलेंडरमधला गॅस पूर्ण जळला की साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि वीसबावीस किलो पाण्याची वाफ तयार होते. पाऊण किलोच्या आत भरणाऱ्या एका लिटर पेट्रोलमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे आकडे बहुतेकांना चुकीचे वाटतात, कारण हवेतून आलेला ऑक्सिजन कोणी धरत नाही. १०० किलो चुनखडी भाजली की ५६ किलो चुनकळी उरते आणि ४४ किलो वायू उडून जातो. सिमेंटचा कारखाना कोळशाऐवजी दुसरे कोणतेही इंधन वापरू लागला, तरी हे ४४ किलो टळत नाहीत. हवामानबदलावर मत देणाऱ्या नागरिकाला एवढे कळायला हवे आणि ते कळण्यासाठी दहावीचे रसायनशास्त्र पुरेसे आहे.

बदल परीक्षेतून झाला, तरच वर्गात होईल. दहावीला विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला २० गुण आहेत. त्यातले काही गुण तयार निरीक्षणे उतरवून काढण्याऐवजी अशा प्रश्नाला द्यावेत : विद्यार्थ्याला एक अभिक्रिया आणि एक काटा द्यावा, आधीचे आणि नंतरचे वजन लिहून घ्यावे, आणि दोन्हींत फरक पडला असेल तर तो कशामुळे, हे विचारावे. आकडा पुस्तकाशी जुळला नाही म्हणून गुण कापू नयेत. उत्तरातल्या कारणाला गुण द्यावेत, आणि भांडे उघडे होते की बंद, हे ज्याने न सांगता लिहिले, त्याला थोडे जास्त द्यावेत.