कसणाऱ्याचे नाव कोठे आहे?

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथे पंतप्रधानांच्या हस्ते किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता वितरित झाला. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे दोन हप्तेही त्याच मांडवात सुटले. पैसा मध्यस्थाच्या हाती न पडता थेट खात्यात पोचला, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच जिल्ह्यात दुसऱ्याचे शेत ठेक्याने करून पऱ्हाटी जगविणाऱ्याच्या खात्यात त्या दिवशी छदामही आला नाही.

केंद्राने २०१९ साली वर्षाला ६,००० रुपयांची योजना काढली व २०२३ साली राज्याने तेवढीच भर घालण्याचे ठरविले. दोहोंचा पाया एकच : सातबारावरील नाव. प्रारंभीची २ हेक्टरांची मर्यादा त्याच वर्षी उठली, हे योग्यच झाले. २००८ च्या कर्जमाफीत याच मर्यादेने विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांवर केवढा अन्याय केला होता! मात्र आता वीस एकरांचा धनी शेतात पाऊल न टाकताही पात्र ठरतो, आणि त्याचेच पाच एकर मक्त्याने करणारा, बियाणे-खताची उधारी अंगावर घेणारा, शासनाच्या लेखी शेतकरीच नसतो. पीकविम्यास तो गेला तर नोंदणीकृत भाडेकरार मागतात. इतकेच काय, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास मिळणारी एक लाखाची मदतसुद्धा आधी जमिनीचा कागद विचारते.

हा कागद होत का नाही? विदर्भाचा कुळवहिवाट कायदा १९५८ सालचा. कसणाऱ्यास संरक्षण मिळावे म्हणून तो झाला; पण कूळ लागेल या धास्तीने मालक लेखी करार टाळू लागला आणि व्यवहार तोंडी झाला. ज्या कायद्याने कसणाऱ्याचे नाव राखावयाचे, त्याच्याच भयाने ते कागदावरून पुसले गेले. नीती आयोगाने २०१६ साली नमुना कायदा सुचविला होता : मालकी निर्धास्त राहावी आणि ठेकेदारास कर्ज, विमा व मदत मिळावी. ओडिशाच्या कालिया योजनेने भूमिहीनांस जमेस धरले. आंध्रने २०१९ साली मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचे कसणूक-पत्र देण्याचा कायदा केला. ती पत्रे मिळविताना मालकांची मनधरणी करावी लागते, हे खरे. तरी रस्ता आहे. महाराष्ट्राने २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला, तोही पुन्हा सातबाऱ्यालाच जोडून. एवढी यंत्रणा उभारताना कसणाऱ्यासाठी एक रकाना ठेवणे कठीण नव्हते.

केवळ सरकारला बोल लावून आम्हांस थांबता येत नाही. काटोल, आर्वी, दारव्हा येथे वडिलार्जित शेत असलेली, पण बिऱ्हाड नागपुरात थाटलेली कुटुंबे आमच्या वाचकांतच थोडी नाहीत. प्राप्तिकर भरणाऱ्यास हा निधी मिळू नये असा नियम असताना तशांच्याही खात्यांत हप्ते गेले, व पुढे वसुलीच्या नोटिसा निघाल्या, हे सर्वश्रुत आहे. दरसाल उन्हाळ्यात ठेक्याची रक्कम रोख मोजून घेणारा सुशिक्षित गृहस्थ त्या रकमेची पावती तरी देतो काय? येत्या अधिवेशनात विदर्भाच्या आमदारांनी ठेक्याच्या शेतीचा कायदा मागावा. आणि तो होईपर्यंत मृगाच्या आत आपल्या शेताचा अकरा महिन्यांचा करार लिहून देण्यास आमच्या वाचकांना कोणाची आडकाठी आहे, हे त्यांनीच सांगावे.