कोरी वाटलेली डिस्क



पितृपंधरवड्यातली गोष्ट. मामंजींच्या तिथीचा स्वयंपाक झाला, पानं उठली, आणि मागचं आवरता आवरता सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, धाकट्यानं ह्यांच्या गोष्टी टेप केल्या होत्या ना? कुठे असतील गं त्या?"

मामंजी २०२१ साली गेले. त्याआधी तीन वर्षं, २०१८ च्या मे महिन्यात, माझी लेक पाच वर्षांची होती आणि रोज रात्री आजोबांच्या कुशीत शिरून गोष्ट ऐकायची. माझे धाकटे दीर तेव्हा सुट्टीवर आले होते. ते आपला लॅपटॉप उशाशी ठेवून गोष्टी टेप करायचे. पुढे तो लॅपटॉप बिघडला. भाऊजींनी त्यातली हार्ड डिस्क काढली, छोट्याशा पेटीत बसवली, तिला वायर जोडली आणि जर्मनीला जाण्याआधी माझ्या हातात दिली. "वहिनी, सगळं ह्यात आहे, जपून ठेवा." मी ती जपली, म्हणजे कपाटात पैठणीच्या घडीखाली ठेवली आणि विसरून गेले!

त्या संध्याकाळी ती काढली आणि ह्यांच्या विंडोज लॅपटॉपला लावली. दोन मिनिटं गेली आणि पडद्यावर एक चौकोन उघडला. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का, असं काहीसं इंग्रजीत विचारत होता. हे म्हणाले, "खराब झालेली दिसतेय. बघू या फॉरमॅट करून." आणि बोट बटणावर गेलंसुद्धा! मी हातातलं फडकं तसंच टाकून ओरडले, "थांबा!" कॉम्प्युटरशी माझा संबंध शाळेतल्या निकालपत्रकापुरता. पण फॉरमॅट करणं म्हणजे पाटी पुसणं, एवढं आमच्या कॉम्प्युटरच्या सरांच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाजारातल्या एका दुकानात डिस्क दाखवली. दुकानदारानं ती लावली न लावली तोच निकाल दिला, "करप्ट आहे ताई. आत काही नाहीच. फॉरमॅट मारून देतो, नवीसारखी होईल." मी डिस्क पर्समध्ये घातली आणि घरी आले. सासूबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

रात्री भाऊजींना फोन लावला. ते आधी हसलेच. "वहिनी, डिस्क अगदी धडधाकट आहे हो. माझा लॅपटॉप लिनक्सचा होता. विंडोजला ती वाचता येत नाही, इतकंच."

मोडी आणि बाळबोध

माझ्या माहेरी माळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. ते शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला दाखवले तर तो म्हणेल, "ह्या नुसत्या रेघोट्या आहेत." म्हणून का तो कागद कोरा झाला? जमिनीचा अख्खा हिशेब त्यावर लिहिलेला आहे. त्या मुलाला बाळबोधच येतं, त्याला काय करणार? आता तोच मुलगा म्हणाला की, "कागद खराब झालाय काकू, पांढरा रंग लावून देऊ का?" तर आपण देऊ का? विंडोजचा तो चौकोन नेमकं हेच विचारत असतो.

कुठल्याही डिस्कमध्ये कोणती फाइल कुठे ठेवली आहे, ह्याची एक नोंदवही असते. ती लिहिण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजची नेहमीची पद्धत एनटीएफएस; ती १९९३ साली आली. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी एक्स्ट-४ ही पद्धत असते. ती २००८ सालापासून पक्की झाली. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण फुकट आणि सर्वांना खुली. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या मुलानं १९९१ साली तिची सुरुवात केली. आपल्याकडे सी-डॅकनं २००७ साली आणलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सच आहे. तेव्हा हे काही परग्रहावरचं प्रकरण नाही. तुमच्या भावाच्या, दिराच्या, भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स असू शकतं.

गंमत अशी की लिनक्सला विंडोजची लिपी वाचता येते, पण विंडोजला आपणहून लिनक्सची येत नाही. घरात सुनेनं सगळ्यांच्या आवडीनिवडी शिकायच्या आणि तिची आवड मात्र कुणी विचारायची नाही, तसंच हे!

आधी डिस्कची प्रकृती पाहा

डिस्क परक्या लिपीतली आहे की खरोखर आजारी, हे आधी ओळखावे. फॉरमॅटचा चौकोन आला की 'कॅन्सल' दाबावे. कधी 'इनिशिअलाइझ' करू का, असेही विचारले जाते; तिथेही नाहीच म्हणावे. मग स्टार्टच्या खुणेवर माउसचे उजवे बटण दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तिथे नुसते पाहायचे, काही बदलायचे नाही. डिस्क आपल्या पूर्ण मापानं दिसत असेल, तिच्या भागावर 'हेल्दी' लिहिलेले असेल, पण पद्धतीचे नाव नसेल किंवा 'रॉ' असे असेल, आणि ती लिनक्सच्या कॉम्प्युटरमधली असल्याचे तुम्हाला माहीत असेल, तर बहुधा फक्त लिपीचाच प्रश्न आहे.

डिस्क मुळीच दिसत नसेल तर आधी वायर आणि भोक बदलून पाहावे. तरीही दिसेना, किंवा आतून टकटक आवाज येऊ लागला, तर मात्र ती लगेच काढून ठेवावी. पुन्हा पुन्हा लावून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायानं चालायला लावणे. तिथे गेलेली माहिती परत मिळवून देणारा जाणकारच हवा.

वाचण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग आपल्यासारखीसाठी सर्वांत सोपा. 'डिस्क-इंटर्नल्स लिनक्स रीडर' नावाचा एक फुकट प्रोग्राम विंडोजवर घालता येतो. तो बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा; भलत्याच ठिकाणचा घेतला तर बरोबर नको ते पाहुणे येतात. हा प्रोग्राम लिनक्सची डिस्क नुसती वाचतो, तिच्यावर काही लिहीत नाही. म्हणून आपल्या हातून चूक झाली तरी मूळ जिन्नस सुरक्षित राहतो. आम्ही हाच मार्ग धरला. डिस्क उघडली की पुष्कळ अनोळखी फोल्डर दिसतात, घाबरू नये. त्यातला 'होम' उघडावा. त्यात कॉम्प्युटर वापरणाऱ्याच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत फोटो, गाणी, कागदपत्रं अशी सगळी घरगुती चीजवस्तू. हवे ते निवडून 'सेव्ह' करावे, आणि ठेवण्याची जागा मात्र आपल्या लॅपटॉपवरची किंवा दुसऱ्या डिस्कवरची द्यावी.

दुसरा मार्ग विंडोजच्या घरातलाच आहे. विंडोज ११ मध्ये आणि अलीकडच्या विंडोज १० मध्येही 'डब्ल्यूएसएल' नावाची सोय घालता येते. तिच्यामुळे विंडोजच्या आतच छोटेसे लिनक्स चालते, आणि जोडलेली डिस्क त्याच्याकडून वाचून घेता येते. मग फाइल एक्सप्लोररमध्ये डाव्या हाताला 'लिनक्स' असे नाव दिसते आणि त्यात शिरता येते. पण त्यासाठी काळ्या खिडकीत इंग्रजी आज्ञा टाइप कराव्या लागतात आणि कॉम्प्युटरच्या मालकाचे अधिकार लागतात. शिवाय ह्या वाटेनं पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड जोडता येत नाहीत, वायरीची हार्ड डिस्क चालते. दुसरे म्हणजे, इथे वाचण्याबरोबर लिहिताही येते, तेव्हा हात सांभाळून. घरात कॉलेजात शिकणारं कुणी असेल तर त्याला शेजारी बसवावे.

तिसरा मार्ग म्हणजे मोडी जाणणाऱ्यालाच घरी बोलावणे! आठ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर उबुंटूसारखे लिनक्स घालून घ्यावे आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. असे करताना त्या पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्यावा. सुरू झाल्यावर 'ट्राय' म्हणजे नुसते वापरून पाहणे निवडावे. 'इन्स्टॉल'च्या वाटेला जाऊ नये, नाहीतर लॅपटॉपमधलेच घालवून बसाल. ह्या लिनक्सला तुमची डिस्क सहज वाचता येते. फाइली तिसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्या. एक मात्र सांगून ठेवते. पुष्कळ नव्या लॅपटॉपना 'बिटलॉकर'चे कुलूप असते. सुरू करण्याची पद्धत बदलली की ते मोठी आकड्यांची किल्ली मागू शकते. ती किल्ली आधी शोधून, लिहून हाताशी ठेवावी.

डिस्कवर मालकानं स्वतःच कुलूप घातलेले असेल, तर तिन्ही मार्गांनी त्याचा पासवर्ड लागतोच. म्हणून डिस्क हातात घेतानाच तो विचारून घ्यावा. सेट-टॉप बॉक्सला लावून मालिका टेप केलेल्या डिस्कचं मात्र फार मनावर घेऊ नका. ते टेपिंग बरेचदा त्या बॉक्सपुरतंच कुलूपबंद असतं.

मोजून घ्या

इस्त्रीचे कपडे आपण मोजून देतो नि मोजून घेतो, तसेच फाइलींचे करावे. मूळ डिस्कवर किती, उतरवून घेतल्या किती, आकडा जुळला पाहिजे. न जुळण्याचे कारणही असते. विंडोजला फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह, चांदणी किंवा कोलन चालत नाही, लिनक्सला चालते. इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांतला फरकही लिनक्स पाळते. विंडोज सहसा तशी दोन नावे एकच समजते. अशी एखादी फाइल अडली तर ती वेगळ्या नावानं उतरवून घ्यावी.

आमच्या गोष्टी तेवीस निघाल्या, आणि उतरवल्यावरही तेवीसच भरल्या. त्या 'ओजीजी' प्रकारच्या होत्या. त्यांना लागणारा 'व्हीएलसी' हा प्रोग्रामही फुकटच मिळतो.

बटण दाबलंच असेल तर?

काही मैत्रिणी हे वाचून कपाळाला हात लावतील, कारण त्यांनी फॉरमॅट दाबलेलं असेल. तरी धीर सोडू नका. 'क्विक फॉरमॅट' झाले असेल तर बहुतेक वेळा वरची नोंदवही बदलते, आतला बराचसा माल जागेवर असतो. पण त्यानंतर त्या डिस्कवर एकही फाइल ठेवू नये. डिस्क काढावी आणि जाणकाराकडे द्यावी. पूर्ण फॉरमॅट झाले असेल तर मात्र आशा नाही. विंडोज व्हिस्टापासून त्यात सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात.

सगळे उतरवून, उघडून, ऐकून झाले, दोन ठिकाणी प्रती झाल्या, की मग जुनी डिस्क पुन्हा वापरायला हरकत नाही. तेव्हा ती 'एक्सफॅट' पद्धतीनं फॉरमॅट करावी. ही लिपी विंडोजलाही येते आणि आताच्या लिनक्सलाही. जुन्या फॅट-३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ असला की अडतं.

आम्ही मात्र ती डिस्क तशीच ठेवली आहे. मसाल्याच्या डब्यांना लावतो तशी तिला एक चिठ्ठी चिकटवली आहे. कुणाची, कोणत्या साली भरली, आत काय आहे, आणि खाली लाल शाईनं, "लिनक्सची आहे. फॉरमॅट करू नये." ही चिठ्ठी भाऊजींनी देताना लावली असती किंवा मी घेताना विचारलं असतं, तर दुकानापर्यंत जायची वेळच आली नसती. तुमच्याही कपाटात अशी एखादी डिस्क असेल, तर आज दुपारीच चिठ्ठी लावा. देणारं माणूस फोनवर आहे तोवर विचारून घ्या.

त्या रात्री आम्ही पहिली गोष्ट लावली. आधी खोकला, मग मामंजींचा आवाज, "तर एक होता राजा..." मधेच स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी, माझी "जेवायला चला" अशी हाक, आणि "थांब गं, राजा जंगलात आहे" असं त्यांचं उत्तर. बारा वर्षांची माझी लेक लाजून हसली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. गोष्ट संपली तेव्हा डोळ्याला पदर लावून एवढंच म्हणाल्या, "आज एकच पुरे. उद्या दुसरी लाव."

अजून बावीस आहेत. रोज एक चालली आहे.